लाईट गेली, फाईली अर्ध्यात अडकल्या, सर्व्हर उठेना. आधी काय करू?

रंकाळवेस | शनिवार, रात्री ११:५२

घाईत लिहितोय. दीड वर्षाचं काम अडकलंय, जाणत्यांनी जरा लक्ष द्या.

बाबा फोटोग्राफर. १९८४ पासून २००२ पर्यंत कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या आणि गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे त्यांनी काढलेले रंगीत नेगेटिव्ह घरात डब्यांत आहेत, जवळपास तीनशे रोल. एकेक पट्टी पुसून मी ते स्कॅन करतोय. ३२०० डीपीआय आणि १६ बिटला एका फ्रेमची टिफ फाईल साधारण ८० एमबीची होते. सगळं मिळून साडेआठशे जीबीच्या पुढे गेलं.

स्कॅनिंगच्या पीसीत विंडोज एसएसडीवर आहे आणि स्कॅन वेगळ्या १ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. ती भरत आली म्हणून आज पहाटेपासून सगळं घरच्या फाईल सर्व्हरवर हलवत होतो. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप. त्यावर डेबियन लिनक्स, विंडोजशी फायलींची देवाणघेवाण करणारं सांबा, डेटाला ४ टीबीची एकच डिस्क, फाईल सिस्टिम (फायली मांडायची पद्धत) ईएक्सटी४. आज रात्री नऊ-वीसला लाईट गेली. पीसी छोट्या यूपीएसवर होता, तो चालू राहिला. सर्व्हर आणि राऊटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर, दोन्ही बंद.

लाईट आल्यावर सर्व्हर सुरू केला तर थेट 'इमर्जन्सी मोड'. वर ओळ येते की डेटाच्या डिस्कवर अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) हाताने चालवा.

आणि मुख्य गोष्ट. मी कॉपी-पेस्ट नाही, कट-पेस्ट केलं होतं. दोनशेच्या वर रोल आता पीसीवर नाहीत.

ओळखीतल्या एकानं फोनवर सांगितलं, एफएससीके मार आणि सगळ्याला यस म्हण. दुसरा म्हणाला, फॉरमॅट करून नवीन टाक. दोन्ही केलेलं नाही. गणपतीत आमच्या तालमीचं मंडळ या फोटोंचं प्रदर्शन लावणार आहे. आधी काय करू?

तांबडापांढरा | शनिवार, रात्री ११:५८

दादा, दोन्ही मशिनी बंद करा आणि झोपा. सांबा म्हणजे महादेवच की, सोमवारपर्यंत कुठं जात नाही. पण आत्ता रात्री बटनं दाबत बसू नका.

फडताळ | रविवार, रात्री १२:२५

बारा वाजून गेलेत, तरी लिहून ठेवतो, सकाळी वाचा.

फॉरमॅट करू नका आणि सगळ्याला यस तर अजिबात म्हणू नका. कारण सांगतो. ईएक्सटी४ ला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही असते. नुसती लाईट गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना ते जर्नल वाचून डिस्क स्वतःच स्वतःला सावरते, तुम्हाला कळतसुद्धा नाही. 'हाताने चालवा' असं म्हणतेय याचा अर्थ दुखणं वेगळं असू शकतं. बऱ्याचदा डिस्कच्याच एखाद्या जागी वाचता येत नसतं. अशा जागेवर एफएससीके विचारतं, की हा ब्लॉक वाचता येत नाही, दुर्लक्ष करू? वरून जबरदस्तीनं लिहू? तिथं यस म्हटलं की त्या जागी जे काही होतं त्यावर तुम्ही कायमची माती टाकली.

म्हणून क्रम असा. सिस्टिमरेस्क्यूचा (दुरुस्तीसाठीचं लिनक्स) पेन ड्राईव्ह करून त्यावरून सर्व्हर सुरू करा. डेटाची डिस्क माउंट करायची नाही, म्हणजे वापरायला उघडायची नाही. स्मार्टसीटीएलनं डिस्कची तब्येत बघा, त्यातल्या ५, १९७, १९८ आणि १९९ या चार ओळी इथं लिहा. ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, १९८ म्हणजे तपासणीत सुधारता न आलेले, १९९ म्हणजे डिस्कच्या केबलच्या चुका. तब्येत कळल्याशिवाय औषध नको.

आणि तो विंडोजचा पीसीही बंद ठेवा. त्याची गरज लागणार आहे.

उद्यमनगर | रविवार, सकाळी ७:१०

फडताळ साहेब, एवढं घाबरवायचं कारण नाही वाटत. आमच्या शॉपमध्ये सीएनसीचे प्रोग्रॅम असल्याच एका पीसीवर आहेत. महिन्यातून दोनदा लाईट जाते. चार वर्षांत तीनदा एफएससीके मारला, तिन्ही वेळा पाच मिनिटांत मशिन उभं. प्रत्येकाला एवढी ऑपरेशनं करायला लावली तर माणूस घरी सर्व्हर ठेवायचाच नाही.

फडताळ | रविवार, सकाळी ७:४५

तुमचे प्रोग्रॅम मशिनच्या कंट्रोलरवरही असतात, प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवरही असतात. इथं दोनशे रोल एकाच डिस्कवर आहेत. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. तीनदा चाललं म्हणून चौथ्यांदा चालेल असं मला लिहिता येत नाही.

रंकाळवेस | रविवार, सकाळी ९:३०

आधी तांबडापांढरा यांना: दादा नाही, ताई. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, लिहितानाही तेच येतं.

फडताळ काका, आकडे: ५ ला शून्य, १९७ ला ८, १९८ ला ८, १९९ ला शून्य.

तांबडापांढरा | रविवार, सकाळी ९:३४

ताई, माफी. माझी आईपण 'मी बाजारला चाललो' म्हणते, तरी चुकलो. गावाबाहेर नोकरीला आल्यापासून कान बिघडला.

पुण्यात_कोल्हापुरी | रविवार, सकाळी ९:५०

माझ्या लग्नानंतर बायकोच्या माहेरची माणसं पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा आजी 'मी जेवलो' म्हणाली आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आता माझी मुलगी तसंच बोलते, पुण्याच्या शाळेत. आम्ही सुधारत नाही.

विषयावर: हे सगळं ईएक्सटी४ मुळं झालं. झेडएफएस ही फाईल सिस्टिम घ्या, प्रश्नच मिटला. जुन्या जागेवर ते लिहीतच नाही, नवीन जागी लिहून मग खूण बदलतं. लाईट गेली तरी आतला मेळ कायम.

फडताळ | रविवार, सकाळी १०:२०

८ हा आकडा नेहमीचा आहे. आतून डिस्कचा एक सेक्टर ४ केबीचा असतो आणि मोजणी ५१२ बाइटच्या हिशेबानं होते, म्हणून एक खराब जागा म्हणजे आठ. तुमच्या डिस्कवर एकच जागा वाचता येत नाहीये. डिस्क मेलेली नाही. पण त्या एका जागेत काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. एखाद्या फोटोचा तुकडा असेल तर एक फोटो गेला. फोल्डरची यादी असेल तर त्या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं गेली.

आज नवीन ४ टीबीची डिस्क आणा, जुनीपेक्षा एक बाइटही लहान नको. डीडीरेस्क्यूनं जुनीची हुबेहूब नक्कल नवीनवर घ्यायची आणि एफएससीके त्या नकलेवर चालवायचं. चुकलं तर पुन्हा नक्कल घेता येते. डीडीरेस्क्यूला मॅप फाईल नक्की द्या. कुठवर वाचलं, कुठं अडलं, सगळं तीत राहतं. मधेच लाईट गेली तरी तिथून पुढं चालू होतं. ती फाईल तिसऱ्या पेन ड्राईव्हवर ठेवा. रेस्क्यूच्या पेन ड्राईव्हवरून चालू केलेली सिस्टिम रॅममध्ये असते, तिथं ठेवली तर लाईटबरोबर तीही जाते.

एक गोष्ट तीनदा तपासा. आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅप फाईल. हा क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरेल. दोन्ही डिस्कवर कागद चिकटवून सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा आणि डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये तेच दिसतात का ते बघूनच एंटर मारा. बॅटरी-बॅकअप कुणाचा उसना मिळाला तर आजच्या दिवसापुरता घ्या.

पुण्यात_कोल्हापुरी, झेडएफएस मलाही आवडतं. मेळ कायम राहतो हे खरं. पण रॅममध्ये होतं आणि डिस्कवर उतरलं नव्हतं, ते तिथंही जातंच. झेडएफएस साधारण ५ सेकंदांनी उतरवतं, लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत माल रॅममध्ये राहू शकतो. नुकसान कमी, शून्य नव्हे. आणि ताईंचं खरं नुकसान तिथंच असणार.

रंकाळवेस | रविवार, सकाळी १०:४०

तिथंच म्हणजे? विंडोजनं फाईल पूर्ण झाली असं दाखवूनच पीसीवरची काढली असेल ना?

फडताळ | रविवार, सकाळी ११:१५

हो, आणि गोम तिथंच आहे. पीसीनं फाईल पाठवली, सर्व्हर म्हणाला मिळाली, पीसीनं आपली पुसली. पण सर्व्हरनं ती घेतली रॅममध्ये, डिस्कवर उतरवायला तो काही सेकंद थांबतो. त्या सेकंदांत लाईट गेली की फाईल इकडंही नाही आणि तिकडंही नाही. कट-पेस्टनं रिसायकल बिनमध्येही काही जात नाही.

वर आणखी एक गंमत, म्हणजे फसवणूकच. विंडोज फाईल पाठवायच्या आधी सर्व्हरला सांगतं की ८० एमबीची फाईल येतेय, तेवढी लांबी मांडून ठेव. सर्व्हर मांडतो. मग माल आला नाही तरी लांबी तशीच राहते. उघडून न बघता साईज वाचली तर सगळं ठीक वाटतं. कणीस हातात भरलेलं लागतं, सोललं की आत दाणे नाहीत. अशा पोकळ फायली शोधायच्या आहेत.

तुमचा वेग किती होता?

रंकाळवेस | रविवार, सकाळी ११:२२

११ एमबी सेकंदाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

उद्यमनगर | रविवार, सकाळी ११:३०

थांबा. ११ म्हणजे तुमची वायर १०० एमबीपीएसवर चाललीय. साडेआठशे जीबीला एकवीस-बावीस तास. गिगाबिटवर हेच काम दोन-सव्वादोन तासांत झालं असतं, लाईट जायच्या कितीतरी आधी. राऊटर गिगाबिटचा आहे का? असेल तर वायर बघा. शंभरला वायरीतल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक तार तुटली की जोडणी गुपचूप शंभरवर येते, तक्रार करत नाही. आमच्या शॉपमध्ये उंदरानं एकच तार खाल्ली होती, आम्ही सहा महिने नेट कंपनीवर ओरडत बसलो.

पंचगंगा_घाट | रविवार, दुपारी १२:०५

वेगळं लिहितो, पण कामाचं आहे. ताई, नेगेटिव्ह कुठल्या मजल्यावर आहेत?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४३ फूट. आमचं तळमजल्यावरचं घर सात दिवस पाण्यात. मी कॉम्प्युटर माळ्यावर टाकला आणि आजोबांच्या नेगेटिव्हची ट्रंक कॉटखाली राहिली. पाणी उतरल्यावर मी घाईनं पट्ट्या उन्हात वाळवल्या. सगळ्या एकमेकींना चिकटल्या, सोडवताना चित्राचा थरच निघून आला. नंतर एका जाणकारानं सांगितलं की भिजलेल्या नेगेटिव्ह सुकू द्यायच्या नसतात. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ओल्याच ठेवायच्या, दोन दिवसांच्या आत एकेक सुटी करून धुवायची आणि मग क्लिपला टांगून सावलीत वाळवायची. हे आधी कळलं असतं तर.

भिजलेली हार्ड डिस्कही सुकली म्हणून लगेच लावून बघायची नाही. मी तेही केलं होतं.

रंकाळवेस | रविवार, दुपारी १२:३०

पंचगंगा_घाट, वाचून पोटात कालवलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, नेगेटिव्ह लोखंडी कपाटात वरच्या खणात. तुम्ही लिहिलेलं कागदावर उतरवून त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

नवी डिस्क राजारामपुरीतून आणली. शेजारच्या काकांचा यूपीएस उसना मिळाला. डीडीरेस्क्यू सुरू केलं, सिरीयल नंबर मी आणि भावानं वेगवेगळे वाचून दाखवले.

गूळभेंडी | रविवार, दुपारी ४:४०

मी फोटोंसाठीच आले या धाग्यावर. तुमच्या बाबांच्या फोटोंत मैदान कसं दिसतं? माझे मामा लढायचे. खासबाग शाहू महाराजांनी बांधलं, १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचं कलोसियम बघून आल्यावर डोक्यात आलं असं घरी सांगायचे. कुठंही बसलं तरी हौदा, म्हणजे लढायची माती, दिसतो, कुणाचं डोकं आड येत नाही.

रंकाळवेस | रविवार, सायंकाळी ५:१०

बाबा कायम हौद्याच्या कडेला गुडघ्यावर बसून काढायचे. त्यामुळं पैलवान मोठे आणि मागं माणसांचा डोंगर वर चढत गेलेला. मातीत ताक, हळद, तेल घालून ती लालसर झालेली असते, फिल्मवर तो रंग फार सुंदर उतरलाय. स्कॅन करताना तोच रंग बरोबर यावा म्हणून १६ बिटचा हट्ट.

फडताळ | रविवार, रात्री ९:००

किती झालं?

रंकाळवेस | रविवार, रात्री १०:५५

झालं! सव्वानऊ तास. सगळं वाचलं, फक्त ४०९६ बाइट सोडून. त्या जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायला लावला, आला नाही.

फडताळ | रविवार, रात्री ११:१०

उत्तम. आता जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळून ठेवा. दोन्ही एकाच वेळी जोडू नका, नक्कल असल्यामुळं दोघींची यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, एकच आहे, सिस्टिम गोंधळेल. नवीवर आधी एफएससीके डॅश एन चालवा. त्यात नुसतं बघितलं जातं, बदललं काही जात नाही. काय म्हणतं ते वाचा. मगच खरं चालवा. लॉस्ट-अँड-फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये काय पडतं ते सांगा.

रंकाळवेस | सोमवार, सकाळी ६:४०

सर्व्हर उठला. झोप आली नाही म्हणून पहाटे केलं.

लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये ३६ फायली, सगळ्यांची नावं नुसते आकडे. रोल १८८ चं फोल्डर रिकामं. म्हणजे ती न वाचता येणारी जागा त्या फोल्डरची यादीच होती, तुम्ही म्हणालात तसं. एक फाईल उघडून बघितली, फोटो अख्खा आहे. आता कुठली फ्रेम कितवी हे कसं ओळखू?

तांबडापांढरा | सोमवार, सकाळी ६:५५

छत्तीसच्या छत्तीस! भले शाब्बास ताई. जाळ अन् धूर संगटच!

फडताळ | सोमवार, सकाळी ७:३०

नावं गेली, तारीख-वेळ गेलेली नाही. विंडोजवरून फाईल येते तेव्हा मूळ फाईल बदलल्याची वेळही बरोबर येते, ती यादीत नसते, फाईलच्या स्वतःच्या नोंदीत असते. तुम्ही एकापाठोपाठ एक स्कॅन केलं असेल तर वेळेनुसार लावा, पहिली ते छत्तिसावी आपोआप ओळीनं लागतील.

आता पोकळ फायली. फाइंड कमांडला प्रिंटएफमध्ये टक्का आणि कॅपिटल एस दिलं की प्रत्येक फाईल किती भरीव आहे त्याचा आकडा येतो. १ च्या आसपास म्हणजे भरलेली. त्याहून बरीच खाली असेल ती पोकळ. एका ओळीत काम होतं.

पुण्यात_कोल्हापुरी | सोमवार, सकाळी ८:१५

हे मला माहीत नव्हतं. मी ड्यू कमांडची व्यापलेली जागा आणि एलएस कमांडची साईज शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी बघायचो.

रंकाळवेस | सोमवार, रात्री ९:४५

आजचा दिवस लिहून ठेवतो.

रोल १८८ लागला. वेळेनुसार लावलं आणि खात्रीसाठी बाबांची वही घेतली. त्यांनी प्रत्येक रोलची फ्रेमवार नोंद निळ्या शाईत ठेवलीय, गाव, तारीख, जोडी. ते वाचत गेले, मी नाव देत गेलो. छत्तीसही जुळले. चौदावी वाचताना ते म्हणाले, 'हितं ऊन आलं असंल बघ उजव्या अंगानं.' आलं होतं.

पोकळ सापडल्या सहा, सगळ्या रोल २१२ च्या, ओळीनं १४ ते १९. त्यातली १९ वी त्या क्षणी चालू होती, ती पीसीवर अजून अख्खी आहे. उरल्या पाच. दोन उघडतात, वर पैलवानाचं डोकं आणि खांदे, कमरेच्या खाली सगळं काळं. तीन उघडतच नाहीत.

उद्यमनगर, वायरच होती. पलीकडच्या टोकाच्या क्लिपमध्ये एक तपकिरी तार आत पोचलेलीच नव्हती. नवीन क्लिप दाबून घेतली, आता ११० एमबी मिळतंय.

उद्यमनगर | सोमवार, रात्री १०:००

वा! आणि एफएससीकेच्या बाबतीत मी चुकलो, हे इथंच लिहितो. त्या यादीवर जबरदस्तीनं लिहिलं गेलं असतं आणि परत नक्कल घ्यायला काही उरलं नसतं. उद्या शॉपमधल्या पीसीचं स्मार्ट बघतो.

फडताळ | सोमवार, रात्री १०:२०

तीन का उघडत नाहीत ते सांगतो. टिफमध्ये फोटो कसा मांडलाय याची अनुक्रमणिका फाईलमध्ये कुठंही असू शकते, पुष्कळ सॉफ्टवेअर ती शेवटी लिहितात. शेवट पोकळ म्हणजे अनुक्रमणिकाच नाही. त्या सर्व्हरवर दुरुस्त होत नाहीत, नाद सोडा.

पण पीसीवरची डिस्क साधी आहे, एसएसडी नाही. एसएसडीवर पुसलेलं बहुतेकदा ट्रिममुळं (पुसलेली जागा रिकामी करायची सूचना) लगेच साफ होतं, साध्या डिस्कवर वरून दुसरं लिहीपर्यंत तसंच पडून राहतं. म्हणूनच पहिल्या रात्री पीसी बंद ठेवायला सांगितलं. तो विंडोजमधून सुरू करू नका. त्याच पेन ड्राईव्हवरून टेस्टडिस्क चालवा, विंडोजच्या एनटीएफएस फाईल सिस्टिमवरच्या पुसलेल्या फायली तो नावासकट दाखवतो. काढून घ्यायच्या त्या दुसऱ्या डिस्कवर. नाहीच दिसल्या तर फोटोरेक आहे, पण त्यात नावं मिळत नाहीत आणि दोनशे रोलच्या ढिगातून पाच शोधाव्या लागतील.

इचलकरंजीकर | मंगळवार, सकाळी ८:२०

आमच्याकडं मागाच्या गावात लाईट जाणं-येणं पाचवीला पुजलेलं. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून सर्व्हरला यूपीएस लागत नाही असं पुष्कळांना वाटतं. साध्या मोडवर इन्व्हर्टर उचलेपर्यंत पीसी एकदा झटका खाऊन रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटन असेल तर ते लावा. तरीही बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही. यूएसबी वायरचा यूपीएस घ्या, सर्व्हरवर नट नावाचं सॉफ्टवेअर घाला, बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतः सगळं डिस्कवर उतरवून बंद होतो. राऊटर पण त्याच यूपीएसवर. बायोसमध्ये 'लाईट आल्यावर चालू हो' हे करून ठेवा.

पुण्यात_कोल्हापुरी | मंगळवार, सकाळी ९:००

आणि दोन डिस्कची रेड करा, म्हणजे दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल.

फडताळ | मंगळवार, सकाळी ९:२५

रेड करायची तर करा, पण ती बॅकअप नव्हे. कट-पेस्टनं गेलेली फाईल रेडमध्ये दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. त्या पैशात बाहेरची डिस्क घ्या, महिन्याला एकदा भरा आणि दुसऱ्या घरात ठेवा. पंचगंगा_घाट यांनी सांगितलंच आहे का ते.

रंकाळवेस | मंगळवार, रात्री ८:३०

टेस्टडिस्कनं पाचही नावं दाखवली. चार अख्ख्या निघाल्या. सतरावी निघाली पण अर्धी दुसऱ्याच फोटोची आहे. कारण कळलं. फायली हलत होत्या तेव्हा मी शेजारी पुढचा रोल स्कॅन करत होतो, आणि त्याच डिस्कवर. लाईट गेल्यावरही एक फ्रेम चालू होती, ती यूपीएसच्या जिवावर पूर्ण झाली आणि सतरावीच्या मोकळ्या झालेल्या जागेवर बसली.

नेगेटिव्ह आहे घरात, उद्या परत स्कॅन करतो. आता मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा: उरलेले ऐंशी-नव्वद रोल पीसीवरून कसे हलवू? हात थरथरतोय.

फडताळ | मंगळवार, रात्री ९:१०

हलवायचं नाही, कॉपी करायचं.

विंडोजवरून रोबोकॉपी वापरा, स्लॅश ई म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरसकट, आणि स्लॅश झेड म्हणजे मधेच तुटलं तर तिथून पुढं. स्लॅश एमआयआर ला हात लावू नका, जे मुळात नाही ते तो पलीकडून पुसतो. तुमच्या बाबतीत पीसीवर दोनशे रोल नाहीत, म्हणजे सर्व्हरवरचे दोनशे साफ. स्लॅश एमओव्ही पण नको, ते कट-पेस्टच.

कॉपी संपली की सर्व्हरवर सिंक म्हणा, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरेल. मग सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढची तपासणी रॅममधल्याच प्रतीवर होऊ शकते. मग दोन्हीकडच्या फायलींचे एसएचए-२५६ (फाईलच्या आतल्या मालावरून निघणारा ठसा) काढून जुळवा. सगळे जुळले, बाहेरच्या डिस्कवरही एक प्रत गेली, की मग पीसीवरचं पुसा. घाई नसेल तर आठवडाभर पुसूच नका.

पुढं पीसीवर लिनक्स आलं तर आरसिंक वापरा. ते येणारी फाईल आधी तात्पुरत्या नावानं लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. मधेच तोडली गेलेली फाईल खऱ्या नावानं कधी समोर येत नाही. आणि एफस्टॅब (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) मध्ये डेटाच्या डिस्कपुढं नोफेल लिहा. पुन्हा कधी ती रुसली तर निदान सर्व्हर तरी उठेल, इमर्जन्सी मोडमध्ये अडकणार नाही.

रंकाळवेस | बुधवार, रात्री १०:०५

ऐंशीच्या वर रोल चाळीस मिनिटांत गेले. एसएचए जुळले, सगळे. बाहेरच्या डिस्कवर प्रत चालू आहे, ती मावशीकडं कागलला जाणार. यूपीएस सांगून ठेवलाय.

रोल २१२ ची पट्टी काढली. बाबांनी खिडकीशी धरून बघितली आणि म्हणाले, 'सतरावी कुस्तीची नव्हंच.' वहीत त्या ओळीवर जोडी नाही, नुसतं 'हलगी' लिहिलंय. स्कॅन करून बघितलं. हलगीवाला हौद्याच्या कडेला उकिडवा बसलाय, हलगी तिरपी करून शेकोटीवर धरलीय, आणि मागं गर्दीतलं एकही माणूस त्याच्याकडं बघत नाही.

गूळभेंडी | बुधवार, रात्री १०:२०

हा प्रदर्शनात लावाच ताई. कुठल्या गावचं मैदान?

रंकाळवेस | बुधवार, रात्री १०:३२

वहीत गाव नाही, नुसती तारीख आहे. बाबा आठवतायत. सांगतो.